आईनं सोडलेलं मीठ

आमच्या घरात मीठ कुणी कुणाच्या हातात देत नसे. मागितलं तर मिठाचं भांडं जमिनीवर ठेवायचं आणि ज्याला हवं त्यानं चिमूट उचलायची. हातात दिलं की भांडण होतं, ताटातूट होते, असं आई म्हणायची, आणि तिची आईही म्हणायची. बेळगावच्या शहापुरात आमच्या विणकर आळीत घरोघर हीच रीत होती, त्यामुळं ती खरी की खोटी असा प्रश्न मला लहानपणी पडलाच नाही.

एका दुपारी आईकडून चूक झाली. आप्पा आणि अण्णा, म्हणजे माझे वडील आणि थोरला भाऊ, सकाळपासून धुसफुसत होते. आमचे दोन माग शेजारी शेजारी होते, दोन्ही खड्ड्याचे. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या आणि हातांनी धोटा फेकायचा. आप्पांना त्या खड्ड्यात बसलं की घरी आल्यासारखं वाटे. अण्णाला जिवंतपणी पुरल्यासारखं वाटे, आणि तो तसं बोलून दाखवी. त्या दिवशी तो चिडूनच जेवायला बसला आणि त्यानं मीठ मागितलं. आईचा एक हात तव्यावरच्या भाकरीवर, चुलीत धूर झालेला. तिनं न बघता दुसऱ्या हातानं मीठ घेतलं आणि त्याच्या तळव्यावर ठेवलं.

भाकरी संपायच्या आत बापलेकांत जुंपली. आप्पा म्हणाले, "मागावर बसायचं असंल तर ह्या उंबऱ्याच्या आत ऱ्हा. न्हाय तर पुन्ना हिकडं फिरकू नको." अण्णा भरल्या ताटावरून उठला, हात धुतला आणि गेला. दिवस मावळायच्या आत तो बेळगावच्या कॅम्पात जाऊन पलटणीत भरती झाल्याची बातमी आळीत आली.

आता बघा, बोलले कोण? आप्पा. उठून गेला कोण? अण्णा. पण दोष आईनं आपल्या हाताला लावला. "माझ्याच हातानं दिलं गं मीठ," एवढंच ती म्हणत राहिली. मी तिला समजावलं, ओरडले, रडले, पण ती हलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं देवापुढं उभं राहून मीठ सोडलं. अण्णा परत येऊन ह्या घरात पाटावर बसून जेवेल, तेव्हाच मीठ तोंडात घालीन, असं ती म्हणाली. आप्पा तेव्हा मागावरच होते. त्यांनी ऐकलं, पण धोटा थांबला नाही. माझा फार संताप झाला. माणसानं निदान मान तरी वर करावी.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. सासर बेळगावातच, स्टेशनाजवळ, त्यामुळं माहेरी जाणं-येणं होतं. गेले की आई दोन भांडी चढवायची, एक तिचं अळणी आणि एक मीठ घातलेलं. आप्पा मागावरून उशिरा उठत आणि मागाहून एकटेच जेवत. अण्णाचं नाव ते कधी काढत नसत. आळीतल्या बायकांना सुरुवातीला आईचं कौतुक होतं, पण कौतुक किती दिवस पुरतं? मग एक जण पाण्याला आली की हळूच म्हणायची, "नावडतीचं मीठ अळणी म्हंत्यात, हिनं तर मीठच सोडलं बाई." मी एकदा तिथल्या तिथं म्हटलं, "तुमी तुमच्या घरचं मीठ सांभाळा, तुमच्या अळणी बोलन्याला लावाया लागंल." त्यानंतर ती माझ्यासमोर तरी गप्प राहिली.

अण्णाचा पत्ता पहिल्यांदा लागला तो पलटणीतून सुट्टीवर आलेल्या एका शिपायाकडून. अण्णाची पलटणीतली नोकरी सुटली होती आणि तो तिकडंच पंजाबात एका मिठाच्या डोंगराच्या खाणीवर पहारेकरी म्हणून राहिला होता. खेवडा त्या गावाचं नाव. निरोप म्हणून त्यानं त्या डोंगराचाच एक खडा पाठवला होता, नारळाएवढा, गुलाबी, उजेडापुढं धरला तर आरपार दिसणारा. मला हसू आवरेना. गुडघाभर खड्ड्याला कंटाळून पळालेला माणूस डोंगराच्या पोटात जाऊन बसला होता! आगीतून उठून फुफाट्यात पडणं म्हणतात ते हेच. आई हसली नाही. तिनं तो खडा देव्हाऱ्यात ठेवला. पावसाळ्यात त्याला पाणी सुटे, देवांच्या पायाखाली ओल येई, आणि आई ती रोज फडक्यानं टिपून घेई.

"अगं, हे शेंदेलोण," मी म्हटलं. "उपासाला चालतंय हे. एवढं तरी खा."

"देवाला चालत असंल," आई म्हणाली. "मला न्हाय चालत."

अशी सहा-सात वर्षं गेली. मग आईला चक्कर येऊ लागली. पायात गोळे येत, उभी राहिली की भिंत धरायची. एकदा आडावर घागर ओढताना ती कोसळली. वैद्यांनी नाडी बघितली, काय खाता विचारलं आणि कपाळावर हात मारला. मीठ घ्या, नाहीतर ह्या अंगात काही राहणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आई हो म्हणाली आणि घरी येऊन पुन्हा अळणीच जेवली. तेव्हा मी ठरवलं की अण्णाला आणायचंच. आमचे हे रेल्वेत होते, त्यांना घरच्यांसकट प्रवासाचा पास मिळे. त्यांच्या मागं लागून, रुसून, एक-दोन दिवस त्यांच्याशी न बोलता मी तो पास काढायला लावला.

निघताना आईनं मला जवळ बसवलं. "त्याला माझ्या मिठाचं सांगू नको," ती म्हणाली. "आईनं गळ्याला दोरी लावून वडून आनला असं व्हायला नगं. मनानं आला तर येऊ दे." मी मान डोलावली. तोंडानं मात्र काही कबूल केलं नाही.

प्रवास असा की देश एवढा मोठा असतो हे मला तेव्हा कळलं. पुण्यात गाडी बदलली, मग दिल्ली, मग लाहोर. घरची चटणी-भाकरी संपली, मग स्टेशनावरच्या पुऱ्या सुरू झाल्या. भाषा बदलत गेली, पागोट्यांचे आकार बदलत गेले आणि थंडी वाढत गेली. ह्यांना आपलं हिंदी फार चांगलं आहे असं वाटे; लाहोरच्या हमालानं ते ऐकून घेतलं आणि आमचं सामान भलत्याच गाडीजवळ नेऊन ठेवलं. शेवटी एक लहान गाडी सपाट शेतांमधून निघाली, आणि समोर एकाएकी तांबडे, उघडे डोंगर उभे राहिले. आमच्या बेळगावाजवळ कणकुंबीकडं डोंगर म्हणजे झाडी. डोंगराचं अंग कधी दिसतच नाही. इथं गवताचं पातंही नव्हतं. तांबडी, पांढुरकी, जांभळट माती पट्ट्यापट्ट्यांनी वर चढत गेलेली. मी खिडकीला नाक लावून बसले.

आधी पत्र टाकलं होतं, त्यामुळं स्टेशनात अण्णा उभा होता. अंगावर घोंगडीसारखी जाड लोई, डोक्याला पागोटं, मिशा पिळलेल्या. मी त्याला ओळखलं ते चालीवरून. तो जवळ आला, पण माझ्या तोंडाकडं बघेना. खाली वाकून, उजव्या हातात माझ्या लुगड्याचा काठ धरून, त्यावरून अंगठा फिरवत राहिला.

"आप्पांचा हात हाय," तो म्हणाला. "अजून तसाच घट्ट इनत्यात."

मग त्यानं वर बघितलं, आणि आम्ही दोघंही रडलो. आमचे हे ट्रंका मोजत असल्याचं दाखवून दुसरीकडं बघत राहिले.

गाव डोंगराच्या अंगावर चढलेलं होतं. दगडमातीची घरं एकावर एक, एकाचं धाबं म्हणजे वरच्याचं अंगण. घळीतून एक ओढा वाहत होता, आणि त्याच्या दोन्ही काठांना पांढरी साय धरली होती. मला वाटलं साबण. अण्णा म्हणाला, मीठ. ओढ्यात मीठ, भिंतीच्या बुडाशी मीठ, वाटेवरच्या धुळीत मीठ. पिण्याचं गोडं पाणी मात्र लांबून आणावं लागे आणि बायका ते जपून वापरत. जनावरांनी चाटून गोल केलेला एक मोठा खडा गोठ्याच्या दारात पडला होता. आमच्याकडं वाण्याच्या दुकानात मीठ मापानं घ्यायचं, त्यावरचा कर सरकारला द्यायचा आणि सांडलं तर डोळ्याच्या पापणीनं उचलावं लागेल अशी मुलांना भीती घालायची. इथं गाईच्या पायाखाली मीठ होतं. मला आईची आठवण झाली.

अण्णानं सांगितलं की फार जुन्या काळी कुण्या बादशहाची फौज इथं उतरली होती. दमलेले घोडे चारा सोडून दगड चाटायला लागले, म्हणून माणसांना कळलं की हा डोंगर मिठाचा आहे. तेव्हापासून लोक इथं खणतच आहेत. बाप खणतो, मुलगा खणतो, सून टोपली उचलते. "आनि डोंगूर काय सरंना," अण्णा म्हणाला. त्याच्या बोलण्यात मालकाचा रुबाब होता. असायचाच. आपल्याला भाकरी देणारा डोंगर माणसाला आपलाच वाटतो.

दुसऱ्या दिवशी अण्णानं साहेबाची परवानगी काढून आम्हाला खाण दाखवायला नेलं. डोंगराच्या तोंडाशी पोचल्यावर ह्यांनी त्या काळ्या भोकाकडं एकदा बघितलं आणि त्यांना अचानक दूध प्यायची इच्छा झाली. ते बाहेरच्या दुकानाशी बाकड्यावर बसले. मी चपला काढल्या आणि हात जोडले. आत जे काही असेल ते आपल्यापेक्षा मोठं आहे एवढं मला कळत होतं.

"चपला घाल," अण्णा हसून म्हणाला. "देऊळ न्हवं ते. पायाला भेगा असत्याल तर लई झोंबंल."

चपला घातल्या. पण देऊळ नव्हे हे काही मला पटलं नाही.

आधी नुसता बोगदा होता. रूळ घातलेले, मधूनमधून मिठानं भरलेले डबे खडखडत बाहेर जात, तेव्हा आम्ही भिंतीला चिकटून उभे राहायचो. बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती. आत जाऊ तशी हवा उबदार होत गेली. मी भिंतीला बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. खारट. दहा पावलांनी पुन्हा ठेवलं. खारट. मग दुसऱ्या बाजूची भिंत, मग खांब. अण्णा म्हणाला, "अगं किती चाटशील? समदं त्येच हाय." मला ठाऊक होतं, पण विश्वास बसत नव्हता. माणूस एखाद्या गोष्टीचा खडा बघतो, मूठ बघतो, फार तर पोतं बघतो. तीच गोष्ट छप्पर होऊन डोक्यावर आणि जमीन होऊन पायाखाली आली की बुद्धी काम करेनाशी होते.

मग बोगदा संपला आणि भिंती एकदम लांब गेल्या. अण्णानं कंदील वर धरला. छत दिसेना. एवढी मोठी पोकळी मी त्याआधी बघितली नव्हती आणि त्यानंतरही नाही. कुठं तरी उंचावर, भिंतीच्या अंगावर चिकटल्यासारखे दोन-तीन दिवे हलत होते. ती खणणारी माणसं होती. त्यांच्या घावांचा आवाज फार उशिरानं आमच्यापर्यंत येत होता. एक बाई डोक्यावर खड्यांची टोपली घेऊन अंधारातून आली. माझं नऊवारी बघून थांबली, कासोट्याकडं बोट करून काहीतरी विचारलं, अण्णानं उत्तर दिलं आणि ती खुदकन हसली. तिच्या भुवयांवर मिठाची पूड बसली होती. मग पुन्हा ती अंधारात गेली. ती रोज इथं येते, ह्या एवढ्या मोठ्या गोष्टीच्या पोटात, आणि संध्याकाळी घरी जाऊन रोट्या भाजते, ह्याचं मला फार नवल वाटलं.

पुढं पाणी होतं. डोंगरातून झिरपून साठलेलं, इतकं स्वच्छ आणि इतकं निश्चल की ते पाणी आहे हे मला कळलंच नाही. खाली आणखी एक गुहा आहे असं वाटून मी मागं सरले. अण्णानं एक खडा टाकला तेव्हा ती खालची गुहा हलली. "ह्यात मासा न्हाय, शेवाळ न्हाय, कायबी जगत न्हाय," तो हळू आवाजात म्हणाला. तिथं सगळेच हळू बोलत.

मग त्यानं मला एका जागी उभं केलं आणि कंदील घेऊन एका भिंतीच्या मागं गेला. अंधार झाला. मी घाबरून हाक मारणार, तोच समोरची भिंत उजळली. भिंतीवर उजेड पडला नव्हता. तो भिंतीतूनच येत होता. पेरूच्या गराचा असतो तसा गुलाबी रंग, त्यात पांढऱ्या शिरा, त्यात कुठं तांबडी रेघ. अण्णा कंदील हलवी तसा तो रंग सरकत जाई. देवानं माणसासाठी किती काय करून ठेवलंय आणि कुठं नेऊन लपवून ठेवलंय, असं माझ्या मनात आलं. मला आनंद झाला होता, भीतीही वाटत होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आई इथं असायला हवी होती. तिनं घासाघासाला सोडलेलं सगळं इथं डोंगर होऊन उभं होतं.

अण्णा परत आला. त्याला माझं तोंड बघून फार बरं वाटलेलं दिसलं. त्यानं कंदील खाली टेकवला, वाकून एक लखलखीत खडा उचलला, कंदिलापुढं धरून बघितला आणि माझ्यापुढं केला.

"घे. आईला दे माझ्या हातचं."

मी हात मागं घेतला. मुद्दाम नाही, लहानपणापासूनची सवय, हातच आपोआप मागं गेला.

"घे की गं."

"खाली ठेव अण्णा. खाली ठेव, मी उचलते."

तो हसायला लागला. "अजून त्येच धरून बसलाय व्हय? हितं समदी एकामेकाच्या हातात मीठ देत्यात. दिवसभर देत्यात. मग भांडनाशिवाय दुसरं कायच झालं नसतं." आणि गंमत म्हणून त्यानं माझा हात धरून त्यात खडा ठेवायचा प्रयत्न केला. त्यासाठी लोईतून दुसरा हात बाहेर काढला. तो डावा हात मी आल्यापासून बघितलाच नव्हता. थंडी आहे म्हणून लोईत असतो असं समजले होते. त्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं होतं.

अण्णानं हात परत आत घेतला.

"पलटनीत असताना बंदुकीची दारू उडाली," तो म्हणाला. "म्हनून तर सुटलो. आता ह्या हातानं धोटा धरू कसा? आप्पा म्हनलेत, मागावर बसायचं असंल तर ये. बसाया येत न्हाय, मग कुठल्या तोंडानं येऊ? मी राग धरून हितं ऱ्हायलो असंच वाटू दे त्यास्नी. थोटा झाला म्हनून आला, असं नगं."

तेव्हा मला राग आला. सगळ्यांचाच राग आला. बाप गप्प, मुलगा गप्प, आई गप्प, आणि प्रत्येकाला वाटतंय की आपण दुसऱ्यावर उपकार करतोय. मी आईला तोंडानं काही कबूल केलं नव्हतं. सरळ सांगितलं.

"तू गेल्यापासनं आईनं मीठ खाल्लेलं न्हाय."

त्याला कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. तिनं तव्यावर भाकरी असताना त्याच्या तळव्यावर मीठ ठेवलं होतं, त्या दुपारी. त्याला ते आठवतही नव्हतं. ती दोष आपल्या हाताला लावते, बापाला नाही, मुलाला नाही. ती आडावर पडली. वैद्य काय म्हणाले. सगळं, काही न वगळता सांगितलं. आई म्हणाली होती, दोरी लावून ओढून आणू नको. मी दोरी लावली. आजही मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

अण्णानं हातातला खडा खाली ठेवला. कंदिलाच्या उजेडात त्यानं भोवतालच्या भिंतींकडं, वर न दिसणाऱ्या छताकडं, पाण्याकडं बघितलं. इतकी वर्षं रोज बघितलेली जागा तो आता पहिल्यांदा बघतोय असं मला वाटलं.

"मी हितं जेवताना ठेचून ठेचून घालतोय," तो म्हणाला. "मूठ मूठ." आणि तो मिठाच्या जमिनीवर मटकन बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. त्या पोकळीत त्याचं रडणं फिरून फिरून आमच्याकडंच येत राहिलं. वरच्या भिंतीवरचे घाव थांबले. दिवे हलायचे राहिले. सगळ्यांनी काम थांबवलं होतं.

आठवड्याच्या आत त्याला रजा मिळाली. परतीच्या वाटेवर बेळगाव जवळ आलं तसा त्याचा हात लोईत आणखी आत जात चालला.

आम्ही शहापुरात पोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि गल्लीत माग चालू होते. आमच्या दारात येऊन अण्णा उंबऱ्याबाहेर थांबला. आत आप्पांचा धोटा चालू होता, मग थांबला. त्यांनी मान वळवली नाही. आई भिंत धरून बाहेर आली. तिनं अण्णाच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले, बोटं कानशिलावर मोडली आणि आत वळून मोठ्यानं म्हणाली, "पाट मांडा गं." म्हणायला घरात दुसरी बाई मीच होते.

स्वयंपाक मी केला. आईला मी चुलीपाशी येऊ दिलं नाही. भाकरी, आमटी, वांग्याची भाजी. एकच आमटी केली, मीठ घालून, दोनदा चव घेऊन. पाट मांडले, आईलाही बसवलं. नवऱ्याच्या पंगतीला बसायची तिला सवय नव्हती, ती अंग चोरून बसली. आप्पा मागाच्या खड्ड्यातून उठून आले आणि कुणाकडं न बघता पाटावर बसले. आमचे हे एका कडेला. अण्णा डावा हात पंच्याखाली घेऊन बसला होता.

मी वाढलं आणि उभी राहिले. आईनं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, देवाला हात जोडले आणि घास तोंडात घातला. घास तोंडात गेला आणि तिचा चेहरा आंबट कैरी खाल्ल्यासारखा आकसला. "लई खारट गं!" ती म्हणाली, आणि हसत हसतच डोळे पुसायला लागली. सहा-सात वर्षांची अळणी जीभ, तिला नीट मीठही सोसेना. अण्णाही हसला. मीही हसले.

मग माझं लक्ष आप्पांकडं गेलं. त्यांचाही घास तोंडातच होता. डोळे मिटलेले, ओठ घट्ट, आणि चेहरा आईसारखाच आकसलेला. ते तो घास कसाबसा गिळायचा प्रयत्न करत होते. मी भांड्यातून बोटावर आमटी घेऊन पुन्हा चाखली. मीठ अगदी बेताचं होतं. ह्यांना विचारलं, ते म्हणाले, झकास झालीय.

मी आईकडं बघितलं. ती ताटाकडं बघत म्हणाली, "तुझं लगीन झाल्यापासनं दोघांचं एकच अळणी भांडं चढतंय. तू आलीस की तेवढं दुसरं करत हुते. ह्यांनीच सांगितलं, पोरीला कळू देऊ नको म्हनून."

इतकी वर्षं मी त्या माणसावर मनातून चिडून होते. शेजारच्या गल्लीतला एक माग तेवढा वाजत होता. अण्णाचा उजवा हात उष्टा होता. त्यानं पंच्याखालून डावा हात काढला, अंगठा आणि करंगळीत तांब्याचा काठ पकडला, आप्पांच्या वाटीवर झुकवला आणि आमटीत थोडं पाणी घातलं. मग आईच्या वाटीत घातलं.

आप्पांनी वाटीकडं बघितलं नाही, त्या हाताकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. आईनं पदर तोंडात कोंबला.

"दुकतंय?" आप्पांनी विचारलं.

"थंडीचं जरा दुकतंय," अण्णा म्हणाला.

आप्पांनी भाकरी मोडली. "मग थंडीच्या मुलखात कशाला जातोस पुन्ना," ते म्हणाले, आणि जेवायला लागले.